आपाच्या फोनवर आपाच बोलली पाहिजे

माझी आपा जन्मापासून ऐकू शकत नाही. दुलाभाईही कर्णबधिर आहेत. आपा पनवेलमध्ये घरीच शिवणकाम करते, आणि तिच्या हाताला इतकं काम आहे की गेल्या वर्षी तिने दुसऱ्या मशीनसाठी बँकेत कर्जाचा अर्ज केला. कागद सगळे पूर्ण होते. शेवटी खात्री करायला बँकेतून फोन आला. तो माझ्याकडे आला, कारण अर्जावर नंबर माझा होता. मी सांगितलं, मी भाऊ बोलतोय, आपा समोर बसली आहे, तुम्ही विचारा, मी खुणांनी तिला सांगतो. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "सर, कॉल रेकॉर्ड होतो, कस्टमरशीच बोलावं लागेल." व्हिडिओ कॉल करा म्हटलं, तर तशी सोय नव्हती.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मामेबहिणीने फोन हातात घेतला, "हो, मीच बोलतेय" म्हणाली, आपाची जन्मतारीख सांगितली आणि दोन मिनिटांत काम झालं.

आपा सगळा वेळ तिच्या ओठांकडे बघत होती. फोन ठेवल्यावर तिने हातांनी विचारलं, मी काय बोलले?

ज्यांच्या घरात कुणी कर्णबधिर आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. आपण सगळ्यांनी हे केलंय आणि त्याला मदत म्हणतो. पण खरं बघायला गेलं तर ते खोटं बोलणं आहे, आणि त्यात जिच्या नावाने बोललं जातं तीच बाजूला पडते. आपाच्या बँक खात्याला माझा नंबर, गॅसला माझा नंबर. तिचा ओटीपी माझ्याकडे येतो, तेव्हा मी लोकलमध्ये मानखुर्दच्या आसपास लटकत असतो आणि ती घरी स्क्रीनकडे बघत बसते. डॉक्टरकडची वेळ मीच घेतो, त्यामुळे तिला काय होतंय ते तिच्या नवऱ्याआधी मला कळतं. चाळिशीला आलेल्या बाईला हे आवडत असेल का, असा प्रश्न मला फार उशिरा पडला.

"मग मेसेज करावा ना" असं मित्र म्हणतात. बँक मेसेजवर खात्री करत नाही, आणि आपाची पहिली भाषा मराठी नाही, उर्दूही नाही. ती भारतीय सांकेतिक भाषा आहे. तिचं व्याकरण वेगळं, वाक्यरचना वेगळी. जी भाषा कधी कानावर पडली नाही ती लिहून भांडायचं, अर्ज करायचा, तक्रार करायची, हे आपल्याला अनोळखी परकी भाषा लिहायला लावण्यासारखं आहे.

यावर जगात एक उपाय रुळलेला आहे, व्हिडिओ रिले. आपा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर सांकेतिक भाषेत बोलते. पडद्यावर दुभाषी असतो. तो बँकेला साधा फोन लावतो, आपाचं म्हणणं बोलून दाखवतो, आणि बँकेचं उत्तर हातांनी आपाला सांगतो. तो मधला माणूस घरचा नसतो, मत देत नाही, ऐकलेलं बाहेर सांगत नाही. अम्मीला वाईट वाटेल म्हणून एखादं वाक्य गाळतही नाही. मी गाळलेली आहेत.

आपल्याकडे याची सुरुवात झालेली आहे. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्याने दहा हजार शब्दांचा कोश केला आणि 2023 मध्ये व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर रिले सेवा सुरू केली. हे चांगलंच झालं. पण ती एका ॲपमधली एक खिडकी आहे. आपा त्या खिडकीवर जाऊन मदत मागू शकते. बँकेने आपाचा नंबर फिरवला तर मात्र तो फोन त्या खिडकीतून येत नाही, तो थेट आपाच्या मोबाइलवर वाजतो, आणि ती बघते की कुणीतरी बोलतंय. 2011 च्या जनगणनेत देशात ऐकू न येणारे सुमारे 50 लाख लोक मोजले गेले. त्यांच्यासाठी फोन अजून एकाच बाजूने उघडणारं दार आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रिले सेवा ॲप म्हणून वाढवू नका, फोन म्हणून वाढवा. आपण नाक्यावर चहा पितो तेव्हा दुकानदाराचा क्यूआर कुठल्या कंपनीचा आहे ते बघत नाही, कारण यूपीआयमध्ये कुठल्याही ॲपमधून कुठल्याही ॲपमध्ये पैसे जातात. 2011 पासून नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते. ऐकणाऱ्यांना मिळालेली ही साधी सोय कर्णबधिरांनाही मिळाली पाहिजे. कुठल्याही फोनवरून, कुठल्याही नेटवर्कवरून, कुठल्याही रिले सेवेचा दुभाषी गाठता यावा, आणि आपाच्या दहा अंकी नंबरवर फोन आला तर तो आपोआप दुभाष्यामार्फत तिच्यापर्यंत पोहोचावा.

हे आधी ठरवलं नाही तर काय होतं ते अमेरिकेने भोगलं. तिथे 1990 च्या अपंगत्व कायद्याने रिले सेवा फोन कंपन्यांवर बंधनकारक केली. पुढे व्हिडिओ आला, तेव्हा एका कंपनीने कर्णबधिरांना व्हिडिओ फोनची यंत्रं फुकट वाटली. लोक खूश झाले. मग कळलं की त्या यंत्रावरून दुसऱ्या कंपनीच्या दुभाष्याला फोनच लागत नाही. घरात कुणी कोसळलं, आपल्या कंपनीची रांग लांब आहे, शेजारच्या कंपनीत दुभाषी रिकामा बसलाय, तरी तो मिळायचा नाही. कर्णबधिरांच्या संघटना दूरसंचार आयोगाकडे गेल्या, आणि 2006 मध्ये आयोगाने सांगितलं की फोन कंपन्यांकडून जमा होणाऱ्या निधीवर चालणारी ही सेवा कुणालाही अशी कुलूपबंद करता येणार नाही. नंबरचा प्रश्न तरी राहिलाच होता. खरे दहा अंकी नंबर मिळायला 2008 चा शेवट उजाडला. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कुलूप लावलेलं असतं, हे तिथल्या लोकांना यंत्र घरात आल्यावर कळलं. आपल्याकडे अजून यंत्रं वाटायची आहेत, त्यामुळे नियम आधी करायची संधी आहे.

नंबर जोडला तरी पलीकडच्या माणसाने "कस्टमरशीच बोलायचंय" म्हणून फोन ठेवला तर सगळं फुकट. त्या बँकवाल्याचा मला राग नाही. रोज फोनवर लोक लुटले जातात, त्याने सावध असायलाच हवं. पण त्याच्यासाठी नियम लिहिणाऱ्याने हा विचार करायला हवा होता. अमेरिकेत रिलेवरून आलेला फोन हा ग्राहकाचाच फोन धरावा लागतो. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आणि व्हिडिओ घेतले आहेत. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी आणि एका अंध याचिकाकर्त्याने लढवला होता. कर्णबधिरांना त्याचा आधार घेता येईल.

आणि इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. उस्मानी काळात, 1869 ते 1876 दरम्यान, हनफी फिकहवर आधारलेली 'मजल्ला' नावाची दिवाणी कायद्याची संहिता तयार झाली. तिच्या सत्तराव्या कलमात म्हटलंय की मुक्या माणसाची ओळखीची खूण ही तोंडी बोलण्याइतकीच धरावी. कोकणातले आपण बहुतेक शाफई, पण तिथेही समजेल अशी खूण व्यवहारात ग्राह्य आहे. आपाच्या निकाहाला वकील आणि दोन साक्षीदार तिच्यापुढे बसले, तिने हाताने होकार दिला, काझीसाहेबांनी लिहून घेतला. कुणीही म्हटलं नाही की आवाज ऐकल्याशिवाय निकाह होणार नाही. ज्या खुणेवर तिचा संसार उभा राहिला, ती खूण शिलाई मशीनच्या कर्जाला चालली नाही.

(सूरह अबस आपल्याला तोंडपाठ असते. अंध इब्न उम्मे मक्तूम मध्येच बोलले म्हणून कपाळावर आठी पडली, त्यावरून ती उतरली. तरी आपल्या किती मशिदींत जुम्याचा खुत्बा खुणांनी सांगितला जातो?)

पनवेलपुरतं बोलायचं तर मार्ग अगदीच बंद नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. पनवेल महानगरपालिकेच्या त्या निधीतून तक्रार कक्षाला आणि रुग्णालयांना रिले फोन घ्यायला शिकवा, अशी लेखी मागणी वॉर्डावॉर्डातून गेली पाहिजे. मात्र 'पनवेलचं स्वतःचं ॲप' कुणी सुचवलं तर हात जोडून नको म्हणा. आणखी एक कुलूप कशाला?

आणि दुभाषी कुठून आणायचे? देशभरात प्रशिक्षित दुभाषी काही शेकड्यांतच आहेत. वांद्र्याला 1983 पासून कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचं नाव आहे, जे अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि 1971 ते 1976 महाराष्ट्राचे राज्यपाल. तिथे सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा डिप्लोमा चालतो. बारावीनंतर काय, असा प्रश्न पडलेल्या आपल्या मुलामुलींनी तो एकदा बघावा. इद्दत, मेहर, विरासत हे शब्द न अडखळता हातांवर आणणारा दुभाषी आपाला अजून भेटलेला नाही. तलाठी कार्यालयात किंवा कोर्टात तिला तोच लागणार आहे.

कर्ज मिळालं, मशीन आली, हप्ते वेळेवर जातात. पुढच्या महिन्यात बँकेला पुन्हा केवायसी करून हवं आहे आणि खात्रीचा फोन येईल असा मेसेज माझ्या मोबाइलवर आलाय. मामेबहिणीचं लग्न झालं, ती आता भिवंडीला असते.