जाहीर आवाहन : पॅलेस्टाइनचा विषय टाळून सलोखा होणार नाही

अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मराठी बंधुभगिनींना आणि त्यांच्या कुटुंबीयांना,



७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझातील हजारो मुले गेली, तिथली विद्यापीठे उद्ध्वस्त झाली. १७ एप्रिल २०२४ला कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर या हल्ल्यांच्या निषेधाचे तंबू उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी शंभराहून अधिक जणांना अटक केली. त्या तंबूंपाशी मुस्लिम विद्यार्थ्यांनी नमाज पढला, ज्यू विद्यार्थ्यांनी वल्हांडणाचे सेडर, म्हणजे सणाचे विधिपूर्वक जेवण, मांडले. काही घोषणा ऐकून आवारात वावरायला धास्तावलेले ज्यू विद्यार्थीही होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वर्षानुवर्षे विद्यापीठांतील सर्वधर्मीय मंडळे एकमेकांच्या सणांना जेवली, पण पॅलेस्टाइनचे नाव निघाले की विषय बदलत राहिली. युद्ध पेटताच अशी मैत्री तग धरू शकली नाही. म्हणून आमची विनंती :

१. पॅलेस्टिनी माणसाचा जगण्याचा, जमिनीचा, स्वातंत्र्याचा हक्क उघडपणे मांडा. मात्र इस्रायल सरकारच्या कृत्यांचा जाब वर्गातल्या ज्यू मुलाला विचारू नका.

२. ज्यूद्वेष आपल्या बाजूच्या माणसाच्या तोंडून आला तरी तिथेच अडवा. सरकारवरील टीकेलाच ज्यूद्वेष ठरवले जात असेल, तर तेही अडवा.

३. संवादाची बैठक ठरवतानाच पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांना सोबत घ्या. आधी हमासचा किंवा इस्रायलचा निषेध करून दाखव, मग बोल, अशी अट कुणालाच घालू नका.

४. मार्च २०२५मध्ये कोलंबियातील निदर्शनांत पुढे असलेल्या महमूद खलील यांना अटक झाली, टफ्ट्स विद्यापीठाच्या विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क यांना विद्यार्थी वृत्तपत्रातील एका लेखानंतर पकडले गेले, भारतीय संशोधक रंजनी श्रीनिवासन यांना व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडावा लागला. म्हणून व्हिसावरची मुले गप्प राहिली तर त्यांना दोष देऊ नका, त्यांचे फोटो टाकू नका. ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे त्यांनी पुढे उभे राहावे, वकिलाच्या खर्चाला हातभार लावावा.

५. घरच्या वडीलधाऱ्यांनो, गाझाचे निमित्त करून मुसलमानांविरुद्ध येणारे विखारी संदेश पुढे पाठवू नका. कोकणात बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आणि मुसलमान दोघेही पिढ्यान्‌पिढ्या आपले शेजारी राहिले आहेत. एकाच्या आपुलकीपोटी दुसऱ्याचा द्वेष करण्याचे कारण आपल्याकडे नाही.

या सत्रात आपापल्या विद्यापीठात अशी एक तरी बैठक बोलवा. विषयपत्रिकेवर पहिले नाव पॅलेस्टाइनचे असू द्या आणि उठून जावेसे वाटले तरी शेवटपर्यंत बसा.

आपले,
न्यूयॉर्क परिसरातील काही मराठी विद्यार्थी व शिक्षक