जेवताच कळ का येते?

ताट बाजूला सारले न सारले तोच पोटात कळ येते आणि संडासकडे धावावे लागते, अशी तक्रार अनेक घरांत असते. घरचे म्हणतात, ‘अन्न अंगी लागत नाही.’ कोणी म्हणते, ‘कामाचा कंटाळा.’ आम्ही सांगतो, या दोन्ही समजुती सोडून द्या.

जेवण गेले की जठर ताणले जाते. त्याची वर्दी मज्जातंतू व संप्रेरकांमार्फत मोठ्या आतड्याला पोहोचते आणि ते आकुंचन पावू लागते. डॉक्टर याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. हे आपणा सर्वांच्याच पोटात घडते, सकाळी अधिक जोमाने. बाहेर पडते ते बहुधा आताचे जेवण नसतेच. घासाला पूर्ण वाट कापायला साधारण १ ते ३ दिवस लागतात.

‘आयबीएस’, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, या विकारात नेहमीच्या तपासणीत आतड्याला जखम दिसत नाही. पण आतडे आणि मेंदू यांच्यातील निरोपांची देवाणघेवाण बिघडलेली असते. साधी हालचालही कळ होऊन जाणवते. कोणाला जुलाब, कोणाला बद्धकोष्ठ, कोणाला आळीपाळीने दोन्ही. भरपेट, तेलकट जेवणाने आणि काळजीने त्रास वाढतो.

मुंबईच्या लोकलमध्ये संडास नाही, वस्तीत रांग. म्हणून काही भगिनी कामावर उपाशीच निघतात. मग रात्री एकदम भरपेट जेवण आणि पुन्हा तोच त्रास! त्यापेक्षा निघण्याच्या तासभर आधी थोडे खावे, म्हणजे आतड्याला आपले काम घरीच उरकता येते. दिवसभरात थोडे थोडे, सावकाश जेवावे. तळण व चहा कमी करावा. ईसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. कांदा, लसूण, दूध, हरभरा यांपैकी काय बाधते ते वहीत टिपावे. सगळे एकदम सोडून अंग सुकवू नये.

मात्र शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यांतले काहीही असेल तर तो आयबीएस समजून घरी बसू नये. सरकारी दवाखाना गाठावा.

आणि घरच्यांनो, ताटावरून उठून जाणाऱ्याला हसू नका. त्याची कळ खरी असते.