उपासाने गाठ मरत नाही

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि लांबलेले उपास यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कर्करोग हरवल्याचे सांगितले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी तातडीने पत्रक काढले : या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, उपचार थांबवू नका. सिद्धू यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. पुढे सिद्धू यांनी, हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता, असा खुलासा केला. पण खुलाशापेक्षा दावाच जास्त पसरतो आणि रुग्णाच्या घरी साखर, दूध, भात एकेक करून बंद होतात.

तंबाखूने आपल्याकडे तोंडाचा कर्करोग किती घरांत नेला, हे वेगळे सांगायला नको. अशा तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला अनेकदा सहा-सात आठवडे रेडिएशन घ्यावे लागते. तोंड सोलवटते, घास गिळवत नाही, अनेकांना नाकातल्या नळीने अन्न द्यावे लागते. रेडिएशनसाठी चेहऱ्याच्या मापाने बनवलेला मास्क वजन उतरले की सैल होतो, किरणांचा नेम चुकण्याची भीती असते; मग माप आणि आखणी नव्याने करावी लागते. अशक्तपणाने उपचारात खंड पडला, तर तो गाठीच्याच पथ्यावर पडतो. साखर तोडल्याने गाठ उपाशी राहत नाही : शरीर स्नायू झिजवून साखर तयार करते, आणि झिजतो तो रुग्ण.

अर्थात, लठ्ठपणा घातकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांशी त्याचा संबंध जोडला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांनी मार्गदर्शनाखाली नेमाने व्यायाम केला, तेव्हा रोग उलटण्याचे प्रमाण घटले. पण त्यांची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी आधीच पूर्ण झाली होती. स्थूल रुग्णाने वजन कधी आणि किती उतरवायचे, हे त्याच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवावे. शेजाऱ्याने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने नव्हे.

क्षयरुग्णाला सकस खाण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. रोज रेडिएशनला येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या गरीब कर्करुग्णाला किमान तेवढे तरी मिळायला हवेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आहे. त्याच्या जोडीला राज्य सरकारने अंडी, डाळ, दुधाचा खर्च धरावा आणि पहिल्याच तपासणीत रुग्णाची आहारतज्ज्ञाशी गाठ घालून देणे बंधनकारक करावे.