थांबलेला काळ कुणाच्या वाट्याला?

मैत्रिणींनो, वस्तीतल्या मुली हल्ली मोबाईलवर कोरियन चित्रकथा वाचतात. 'पोरी वेळ घालवतात' एवढं म्हणून आपण विषय सोडून देतो, ते मला पटत नाही.

त्यातला एक लाडका प्रकार मनोऱ्याचा. मजल्यामागून मजला, प्रत्येक मजल्यावर परीक्षा, जो चढेल तो मोठा. काही कथांमध्ये नायकाला काळ थांबवण्याची शक्ती मिळते. जग गोठतं, तो निवांत सराव करतो आणि बलवान होऊन बाहेर पडतो. तेवढ्या काळात त्याचं जेवण कोण रांधतं, कपडे कोण धुतं, हा प्रश्न कथेला पडत नाही. खुद्द दक्षिण कोरियात २०१९ च्या पाहणीत, दोघंही कमावत्या जोडप्यांमध्ये बायको रोज ३ तास ७ मिनिटं घरकामाला देत होती आणि नवरा ५४ मिनिटं! किशोरींच्या गटात मी विचारलं, तुम्हाला काळ थांबवता आला तर काय कराल? मनोरा चढू, असं एकही म्हणाली नाही. बहुतेकींना झोपायचं होतं.

'टॉवर ऑफ गॉड' ही 'सिउ' या टोपणनावाच्या चित्रकाराची कथा २०१० मध्ये सुरू झाली. त्यातला राजा जहाद मनोऱ्याच्या रक्षकांशी करार करून अमर झाला आहे. म्हणजे काळ थांबला, पण राजापुरता. तो निवडक मुलींना आपल्या शक्तीचा वाटा देतो, त्यांना राजकन्या म्हणवतो. अट एकच: प्रेम, लग्न, मूल यातलं काही नाही. या राजकन्या लढाऊ आहेत, भल्याभल्यांना लोळवतात; पण स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय त्यांचा नाही. अनाक या मुलीची आई अशीच राजकन्या. तिनं जोडीदार निवडला, लेक जन्माला घातली, म्हणून तिला ठार केलं गेलं. लेक आईचंच नाव लावून, तिचंच हत्यार हाती घेऊन मनोरा चढते आहे.

आपल्या गटांत ही अनाकची गोष्ट जरूर वाचावी. स्वतःच्या घरातल्या बंधनांबद्दल विचारलं की मुली खाली मान घालतात. जहादबद्दल मात्र तावातावानं बोलतात, आणि बोलता बोलता एखादी हळूच म्हणते, "ताई, आमच्याकडे पण असंच आहे."