मातीची गाडी आणि सोन्याची गाडी

मुलाच्या हातांत पुस्तक असलें म्हणजे तो कांहीं तरी करीत आहे, आणि चाकू, कानस किंवा सरस असला म्हणजे तो वेळ दवडीत आहे, हें मत आमच्या सुशिक्षित घरांतून इतकें दृढ झालें आहे कीं, त्यासाठीं पुरावा विचारणें हाच आतां उद्धटपणा ठरतो. मोटारींच्या लहान प्रतिकृति जुळवून, रंगवून, मनाजोग्या बदलून तयार करण्याचा जो छंद आहे, त्याजवर तर ह्या मताचा विशेषच रोख असतो. "एवढा मोठा झाला, अजून मोटारींशीं खेळतो !" हें वाक्य ज्या घरांत ऐकूं येत नाहीं असें घर विरळा. ह्या मताशीं दोन हात करावे हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आणि ही झुंज आम्ही मुंबई-पुण्याच्या दुकानांत न लढवितां कोरपन्याच्या शिवारांत लढविणार आहों, कारण आमचा मुख्य साक्षीदार तेथें आहे.

कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्यांतला, तेलंगणाच्या सरहद्दीला भिडलेला तालुका. वर काळी जमीन आणि तींत कापूस. खालीं चुनखडीचा दगड, आणि त्या दगडामुळें गडचांदूर, आवारपूर इकडे उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने. एकीकडून कापसाची बंडी जाते, दुसरीकडून सिमेंटची मालमोटार धुरळा उडवीत येते. अशा ठिकाणीं वाढणाऱ्या मुलास चाकाचें वेड न लागेल तरच नवल. ज्वारी निघाली कीं पोर धांडे उचलतें, त्यांची साल सोलतें, आंतला हलका गाभा हवा तेवढा कापून त्याचीं चाकें आणि साटा करतें, आणि सालीच्याच अणकुचीदार काड्या टोंचून सगळें जोडतें. खिळा नाहीं, सरस नाहीं, पैसा तर नाहींच. बंडी करणारा हात तोच मालमोटारहि करतो; नमुना रस्त्यावर रोज धांवतच असतो.

दुसरा साक्षीदार तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, खरे बैल गोठ्यांत विसावले म्हणजे, विदर्भांतल्या मुलांचे लांकडी नंदी चाकांवर बाहेर पडतात. नागपूरकर भोसल्यांपैकीं दुसरे रघूजी ह्यांनीं १८०६ सालीं ही चाल पाडली अशी परंपरा आहे. कोणी नंदीला झूल शिवतो, कोणी शिंगांना बेगड लावतो, कोणी मागें बंडी जोडतो. स्पर्धा होते, बक्षिसें मिळतात, आणि मुलें घरोघर फिरून बोजारा मिळवितात. आतां आम्ही विचारतों कीं, सुताराकडून आणलेला साधा नंदी आपल्या कल्पनेनें सजविणें आणि पेटींतून निघालेली मोटार जुळवून आपल्या कल्पनेनें रंगविणें, ह्या दोहोंत जातीचा फरक तो कोणता ? पहिल्या गोष्टीला संस्कृति म्हणून टाळ्या वाजविणारे लोकच दुसरीला पोरखेळ म्हणून नाकें मुरडतात, ही विसंगति त्यांच्या ध्यानांत कशी येत नाहीं ?

ज्यांनीं हा छंद जवळून पाहिला नाहीं, त्यांच्यासाठीं त्याची रीत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पेटी उघडली म्हणजे मोटार दिसत नाहीं. दिसतात त्या पॉलिस्टायरीनच्या काड्यांच्या चौकटी, आणि त्यांना झाडाला कैऱ्या लागाव्या तसे लगडलेले सुटे भाग. भाग कापून काढावयाचा, कापल्याची खूण घासकागदानें नाहींशी करावयाची, आणि जोडण्यापूर्वीं तो नीट बसतो कीं नाहीं हें कोरडाच लावून पाहावयाचें. जोडण्याचा द्रव सरसाप्रमाणें चिकटत नाहीं. तो दोन्ही कडा क्षणभर विरघळवितो आणि सुकतांना त्यांना एकजीव करतो. म्हणून थेंब जास्त पडला तर तो पुसून भागत नाहीं. पुसावयास जावें तों पृष्ठभागच बिघडतो. मग अस्तर, मग रंगाचे पातळ थर, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत धीर. ज्याला धीर नाहीं त्याची मोटार रंगाच्या ओघळांनीं त्याची चहाडी करते.

ह्यापुढें गणित येतें. मोटारींचें प्रमाण बहुधा २४ स १ किंवा २५ स १ असतें. म्हणजे ४ मीटरांची मोटार सुमारें १७ सेंटिमीटरांची होते. परंतु लांबी २४ पट घटली तर पृष्ठभाग ५७६ पट घटतो, आणि घनफळ १३,८२४ पट. १,२०० किलोंची मोटार ह्या हिशेबानें अवघी ८७ ग्रॅमांची व्हावी. उलट, खऱ्या मोटारीचा पत्रा मिलिमीटरभर जाड असतो-नसतो. प्रतिकृतीचें प्लॅस्टिक मिलिमीटरभर जाड धरलें, तर खऱ्या मापांत तो पत्रा २४ मिलिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ इंचभर जाडीचा झाला! म्हणून जाणता कारागीर चाकावरच्या कमानीची कड आंतून तासून पातळ करतो, म्हणजे डोळ्याला ती पत्र्यासारखी भासते. सगळ्याच गोष्टी एका हिशेबानें लहान होत नाहींत, आणि खरें दिसावें म्हणून मापाला कोठें तरी मुरड घालावी लागते, हें ज्याला समजलें त्याला प्रमाण ह्या शब्दाचा अर्थ कळला. त्रैराशिकाचीं शेंकडों उदाहरणें सोडवूनहि हा अर्थ ज्यांच्या हातीं लागला नाहीं, असे पदवीधर थोडे नाहींत.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, भाग तयारच असतात, मग ह्यांत कारागिरी ती कसली ? सप्तसूर तयारच असतात म्हणून गवई होणें सोपें ठरत नाहीं, हें त्याचें एक उत्तर. दुसरें उत्तर असें कीं, जुळवणी ही ह्या छंदाची केवळ बाराखडी आहे. पुढें दोन पेट्यांतले भाग एकत्र करून तिसरीच मोटार निघते. छप्पर कापून खालीं घेतलें जातें. जें मिळत नाहीं तें पत्रा, तार आणि पुठ्ठा घेऊन मुळापासून घडविलें जातें. अमेरिकेंतील ए. एम. टी. कंपनीनें १९५८ सालीं एकाच पेटींतून तीन तऱ्हांची मोटार करतां येईल अशी सोय काढली, ती ह्याच वृत्तीला ओळखून. मात्र येथें आमच्या पक्षालाहि दोन शब्द सुनावले पाहिजेत. तयार मोटारी विकत आणून कांचेच्या कपाटांत मांडणारे आणि त्यांच्या किंमती पाहुण्यांना ऐकविणारे गृहस्थ ह्या छंदाचे उपासक नव्हेत. त्यांना आम्ही संग्राहक म्हणूं. कारागीर म्हणणार नाहीं.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा. हें वेड विलायती आहे, असें म्हणतात. १९७४ सालीं प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें दोन बैल जुंपलेला आणि हांकणारा वर उभा असलेला ब्राँझचा रथ सांपडला. त्याची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर, आणि बहुतेक पुराणवस्तुवेत्ते त्याला उत्तर-हडप्पा काळांत घालतात. तो पूजेचा होता कीं खेळाचा हा वाद पंडितांनीं चालवावा. वाहनाची लहान प्रतिकृति करण्याची कला ह्या भूमीला परकी नाहीं, एवढें सिद्ध होण्यास तो पुरेसा आहे. राहिली पेटींतल्या मोटारीची गोष्ट. जपानांतल्या शिझुओका शहरची तामिया पेढी आज ह्या कामांत जगभर नांवाजलेली आहे. तिचा आरंभ १९४६ सालीं लांकडाच्या धंद्यानें झाला. मग ती लांकडी प्रतिकृति करूं लागली, आणि १९६० सालीं प्लॅस्टिककडे वळली. पोर्शे मोटारीची प्रतिकृति हुबेहूब साधावी म्हणून ह्या पेढीच्या चालकानें खरी मोटार विकत घेऊन ती सुटी करविली !

लांकडापासून निघालेल्या पेढीची ही कथा वाचून चंद्रपूर-गडचिरोलीकडे दृष्टि वळविल्यावांचून राहवत नाहीं. येथल्या सागवानाची कीर्ति अशी कीं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं बल्लारपुराहून सागवान गेलें. चिचपल्लीस बांबूच्या कामाचें शिक्षण देणारें केंद्र आहे. लांकूड आहे, वेळू आहे, पोराटोरांच्या हातांत उपजत कसब आहे. मग येथें प्रतिकृतींचा धंदा कां निघूं नये ? सरकारनें खेळण्यांवरची आयात जकात २०२० सालीं शेंकडा २० वरून ६० केली आणि २०२३ सालीं ७० केली. जकातीच्या कोष्टकांत लहान प्रमाणाच्या प्रतिकृतींची गणना खेळण्यांबरोबरच होते. भिंत उंच बांधली, ठीक झालें. परंतु भिंत कारागीर जन्मास घालीत नाहीं. भिंतीच्या आंत ज्याला हातांत चाकू धरूं दिला नाहीं असाच मुलगा वाढत असेल, तर ह्या जकातीचा उपयोग एवढाच, कीं पोराची हौस महाग झाली.

तिसरा आक्षेप उपयोगाचा : ह्यांतून पुढें काय मिळणार ? ज्यांना फळाशिवाय बोलणें कळत नाहीं त्यांच्यासाठीं एक फळ सांगतों. अमेरिकेंत १९३० पासून १९६८ पर्यंत 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' ह्या नांवानें मुलांच्या स्पर्धा चालत. आरंभीं राजरथाची प्रतिकृति करावी लागे, पुढें स्वतः कल्पिलेल्या मोटारीची. आणि विजयी मुलांना कॉलेजच्या शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति मिळे. १९४७ सालचा विजयी मुलगा चक जॉर्डन पुढें जनरल मोटर्स ह्या प्रचंड कंपनीच्या मोटारींच्या रूपरेखेचा मुख्य झाला. परंतु ह्या एका उदाहरणावर आम्ही आमचा पक्ष उभारीत नाहीं. शंभर मुलांतून एकहि जॉर्डन न निघाला तरी नव्याण्णव जण वस्तूकडे पाहावयास शिकतात, चुकलेला भाग उखडून पुन्हां बसवितात, आणि दुसऱ्याच्या श्रमाचें मोल ओळखतात. हें फळ कांहीं लहान नव्हे.

खरें पाहतां ह्या तिन्ही आक्षेपांच्या मुळाशीं एक चौथी गोष्ट आहे, आणि ती कोणी उघड बोलत नाहीं. ती म्हणजे हाताच्या कामाविषयीं आमच्या पांढरपेशा वर्गाला वाटणारी तुच्छता. चाकाचा तुंबा, आरे आणि आख ज्यानें बसविले त्या सुताराला, आणि धाव तापवून चढविली त्या लोहाराला आम्ही ओसरीच्या खालीं उभें केलें. त्याचें शास्त्र जातीच्या कुंपणांत कोंडलें, आणि आमच्या मुलांना त्यापासून जपलें, जणूं तो संसर्गजन्य रोगच होता. गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं १९३७ सालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि हस्तोद्योगांतून शिक्षण द्यावें असें तेथें ठरलें. वर्धा कोरपन्याहून फार दूर नाहीं. परंतु तो विचार आमच्या घरांपर्यंत अजून पोंचला नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावें असें सुचविलें आहे. हे दहा दिवस तरी सहलींत आणि भाषणांत बुडूं नयेत. कोरपना तालुक्यांतल्या शाळांनीं ह्या दिवसांत गांवच्या सुताराला गुरुजींच्या खुर्चीवर बसवावें, आणि प्रत्येक मुलाकडून गांवांतली एक खरी बंडी मोजून घेऊन तिची बारा स एक ह्या प्रमाणांत प्रतिकृति करवावी. मापें वहींत लिहिलेलीं असावींत, आणि वही प्रतिकृतीबरोबर तपासली जावी. तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धांतहि विकत आणलेल्या थाटापेक्षां मुलानें स्वतः केलेल्या कामाला वरचें बक्षीस असावें; आज पुष्कळदां सजावट आईबापांची आणि बक्षीस मुलाचें, असा प्रकार होतो.

देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणलेलें मृच्छकटिक आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रोहसेनाला आपली मातीची गाडी नकोशी होते. आणि त्याचें रडणें थांबावें म्हणून वसंतसेना आपले दागिने त्या गाडींत भरते. तिची माया खरी, ह्यांत संशय नाहीं. परंतु तेच दागिने पुढें भर न्यायसभेंत चारुदत्तावर उलटतात आणि त्याला वधस्थानापर्यंत नेतात. मूल रडलें कीं त्याच्या हातांत सोन्याची गाडी देणारे आईबाप आज घरोघर आहेत. गाडीच्या जागीं बहुधा मोबाइल असतो, एवढाच फरक. त्यांना आमची विनंति इतकीच कीं, मुलाला मूठभर चिखल, चार धांडे, एक चाकू द्या. जमल्यास एखादी पेटीहि द्या. आणि मग कांहीं वेळ त्याच्या वाटेस जाऊं नका. बोट थोडें कापेल. तें बरें होतें. न वापरलेला हात मात्र पुढें कोणत्याहि औषधानें बरा होत नाहीं.