रक्ताच्या थेंबातून मांसाची पारख

गोमांस कोवळे निघणार की चिवट, हे आजवर जनावर कापल्यावरच कळत आले आहे. जपानमध्ये वाग्यू जनावराच्या धडाला सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये छेद देतात, स्नायूत पसरलेली चरबीची नक्षी १ ते १२ च्या पट्टीवर मोजतात आणि मग ‘ए-५’सारखी प्रत ठरते. तोवर अडीच वर्षांच्या आसपासचा खुराक आणि पैसा खर्च होऊन गेलेला असतो.

हीच प्रत जिवंत जनावराच्या रक्तातील प्रथिनांवरून आधी ओळखता येईल का, याचा शोध फ्रान्समधील ‘इनरे’ या कृषी संशोधन संस्थेसह काही ठिकाणी सुरू आहे. तर्क पटण्याजोगा आहे. स्नायू आणि चरबीच्या पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात. ती सापडली की आत काय घडते आहे याचा सुगावा लागावा. पण रक्तात यकृताची प्रथिनेही असतात, आणि त्यांचाच वाटा मोठा. जनावराला साधी सूज आली तरी हॅप्टोग्लोबिन वाढते. त्या गर्दीत स्नायूची क्षीण खूण वेगळी काढणे सोपे नाही. शिवाय स्नायूंच्या नमुन्यांवरील अभ्यासात उष्मा-आघात प्रथिनांनी शास्त्रज्ञांना चकवलेच: एका जातीत ती कोवळेपणाशी जोडलेली दिसली, तर दुसरीत चिवटपणाशी! शारोलेसाठी बसवलेले गणित अँगसला जसेच्या तसे लावता येत नाही ते यामुळेच.

आणि शेवटच्या दिवसाचे काय? कत्तलखान्याच्या वाटेवर जनावर घाबरले, दमले, तर स्नायूतील ग्लायकोजेन संपते. मग पुरेसे लॅक्टिक आम्ल बनत नाही. सामू साडेपाचच्या आसपास उतरायचा तो सहाच्या घरात राहतो आणि मांस काळपट पडते. पुढे धड किती दिवस थंडाव्यात टांगले, यावरही कोवळेपणा अवलंबून असतो. सहा महिने आधी घेतलेल्या रक्ताला हे कसे कळणार?

म्हणून ही चाचणी पैदाशीची निवड आणि खुराकाचे नियोजन यांसाठी वापरात यावी. तिच्यावरून पशुपालकाचा दर कापण्याची घाई नको. खरेदीदाराने चाचणी करायची, त्यानेच निकाल वाचायचा आणि त्यानेच भाव सांगायचा, हा व्यवहार एकतर्फी होईल. निकालाची प्रत पशुपालकाच्या हाती पडली पाहिजे, आणि प्रत्येक जातीवर स्वतंत्र पडताळणी झाल्याशिवाय चाचणी बाजारात येता कामा नये. तोपर्यंत वाहतुकीत जनावरांचे हाल थांबवले, तरी काळपट मांसाचे बरेच नुकसान आजच टळेल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.