हाफकिन यांच्या चंबूतले तूप

दिवाळीच्या अंकात रोगराई कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण मुंबई-पुण्याच्या इतिहासातून साथी वगळल्या तर फार थोडे हाती उरते. १८९६ च्या प्लेगने शहरे रिकामी केली, आणि त्याच्या धास्तीने घाईघाईत झालेला १८९७ चा साथरोग कायदा कोविडच्या काळातही सरकारच्या हाताशी होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका रोग्याला तपासून मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे, आणि गोदामे म्हणजे उंदीर. उंदरांवरच्या पिसवांचा या रोगातला हात पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवला तो १८९८ साली. तोवर सरकार गटारे धूत होते आणि लोक गावाकडे पळत होते.

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओदेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला हा शास्त्रज्ञ कॉलऱ्याच्या लशीसाठी आधीच हिंदुस्थानात फिरत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जेमतेम जागा मिळाली. तिथे काचेच्या चंबूत मांसाचे सूप आणि त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब! प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि खाली झुंबरासारखे लोंबत. काही आठवडे वाढू दिल्यावर ते तापवून मारायचे, की झाली लस.

मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत, पण शरीराला ते परके म्हणून ओळखू येतात. मग दंड सुजतो, ताप भरतो. तो जंतूंचा हल्ला नसतो, शरीराच्या तयारीचा गोंधळ असतो. आठवडा-दीड आठवड्यात रक्तात प्रतिपिंडे दिसू लागतात आणि काही पेशी त्या जंतूची आठवण जपतात. प्लेगचा खरा जंतू आला तर तो जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीत ठाण मांडतो. ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला गिळायचे, त्यांच्यातच तगून राहतो. म्हणून आधीची तयारी मोलाची. हाफकिन यांच्या लशीचे संरक्षण मात्र काही महिन्यांपुरतेच असे. ती पुन्हा पुन्हा टोचून घ्यावी लागे.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःलाच करून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा कितपत स्वेच्छा, हा प्रश्न आज कोणीही विचारील, आणि विचारायलाच हवा. तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली तेव्हा खोजा समाजाचा धीर वाढला.

पुण्यात याच्या अगदी उलटे घडले. प्लेग समितीचे प्रमुख रँडसाहेब यांचे सोल्जर घराघरांत शिरले, माजघर-देवघर काही राहिले नाही. पुढे रँड यांचा खून झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सोल्जरांना भिऊन रोगी लपवणाऱ्या घरांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांची भीती मात्र अगदी हिशेबी होती.

विश्वास बसायला वर्षे लागतात आणि उडायला एक बाटली पुरते. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने लढले, तरी निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले.

पुढे प्रतिजैविके आली आणि प्लेग वेळीच ओळखला तर बरा होऊ लागला. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची बातमी उठली, तेव्हा गोळ्या होत्या, डॉक्टरही होते. तरी माणसे लाखांनी सुरत सोडून गेली आणि टेट्रासायक्लिन दुकानांतून संपले. निरोग्यांनीही घरात त्याचा साठा केला होता.

यंदाचे लेख याच धाग्याभोवती मागवले आहेत: औषध आणि माणूस यांच्यामध्ये कोण उभे असते, सोल्जर की शेजारी?